माहेरवाशिणीचा आकडा

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. न जाणो, सवयीने वाजवले गेले असते.

दिल्लीतल्या त्या थंडगार सभागृहात पडद्यावर एकच आकडा झळकत होता. देशातली कोळशावरची सगळी वीज केंद्रं बंद करून ऊन, वारा आणि साठवलेल्या विजेवर जायचं, तर पुढच्या दहा वर्षांत देशाला किती खर्च येईल, तो आकडा. आजवरच्या सगळ्या अंदाजांच्या निम्म्याहून कमी. आमच्या ऊर्जा परिवर्तन आयोगाचे अध्यक्ष डॉ. विश्राम केळुसकर माइकसमोर उभे राहून वरबापासारखे हसत होते.

"स्वच्छ वीज परवडत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं आज बंद झाली," ते म्हणाले. "आणि त्याहून आनंदाची गोष्ट, कोळशाच्या गावांना वेगळी मदत द्यायची जवळजवळ गरजच नाही. ही गावं आपोआप सावरतात, असं आमची 'सावली' सांगते."

पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारचा सांख्यिकीवाला तर उभाच राहिला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसला.

गैरसमज नको. कोळसा बंद व्हावा असं माझ्याइतकं त्या सभागृहात कुणालाही वाटत नसेल. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आंबेझरीची, वर्धा नदीच्या काठी वीज केंद्राच्या धुराड्यांखाली वाढलेली. आमच्याकडे वाळवण घालायचं तर वर जुनं लुगडं ताणायचे, तरी कुरडया राखेने करड्या व्हायच्या. माझा मोठा भाऊ खुशालदादा त्याच केंद्रात ठेकेदाराकडे कोळसा उतरवतो, आणि त्याचा खोकला घरात आता कुणाला ऐकूही येत नाही. बंद करा ती धुराडी. उद्या करा. पण ती फुकटात बंद होतात असं कुणी सांगू लागलं, तर माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी ते सभेच्या आधीच फिरलं होतं, कारण ओवीचा फोन येऊन गेला होता. ओवी म्हणजे दादाची मुलगी. नागपुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात जायची होती.

"आत्या, माझी शिष्यवृत्ती थांबवली," ती म्हणाली. "फी नाही भरली तर नाव कमी करतील."

"का? मार्क कमी पडले?"

"नाही न. वर्गात दुसरी आली मी. ते म्हणतात, तुझ्या सावलीने कॉलेज सोडलंय."

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"आणि हे घरी नको सांगू हं," ती घाईघाईने म्हणाली. "बाबा माझ्यावर चिडतील. तुला काही सांगायचं नाही, असं ठरलंय."

ही सावली काय प्रकार आहे ते सांगते. पूर्वी असे खर्च सरासरीने काढायचे. केंद्रात माणसं किती, सरासरी पगार किती, झाला हिशेब. त्यात घर म्हणून काही दिसायचं नाही. म्हणून आयोगाने देशातल्या प्रत्येक घराची एक प्रतिकृती संगणकात उभी केली. विजेचा मीटर, रेशन, दवाखाना, बँक, कॉलेजची हजेरी, बसचा पास, या सगळ्यांच्या नोंदींवरून ती शिकते. हे घर उद्या काय करील याचा रोज अंदाज बांधते, दुसऱ्या दिवशी तो खऱ्याशी ताडून पाहते आणि स्वतःला सुधारते. काही वर्षं असं शिकली की तिचा अंदाज सहसा चुकत नाही. मग या कोट्यवधी सावल्यांना एकत्र मोकळं सोडायचं. त्या आपसात घेणं-विकणं करतात, नोकऱ्या शोधतात, गाव सोडतात. सावल्यांच्या त्या देशात आम्ही कोळसा बंद करतो आणि दहा वर्षं एका दुपारीत पळवतो. कोळसा चालू असलेला देश आणि बंद असलेला देश, या दोहोंतला फरक म्हणजे खर्च.

यंत्र चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. एकच अडचण होती. घराची कमाई घटली हे नोंदींतून कळतं, पण त्याने घराला किती दुखलं ते कळत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं. म्हणून जिथे खाणी किंवा केंद्रांची एक-दोन युनिटं तरी आधीच बंद झाली होती, तिथे सर्वेक्षण केलं, आणि केळुसकर सरांनी तिथे एक शक्कल लढवली. परका माणूस दारात आला की लोक मदतीच्या आशेने वाढवून सांगतात, असं त्यांचं मत. मग त्यांनी प्रश्न विचारायला कुणाला पाठवलं? त्याच गावांतून लग्न होऊन गेलेल्या शिकलेल्या लेकींना. आपल्या लेकीला लोक खरं सांगतील! या 'माहेरवाशीण सर्वेक्षणा'चं परदेशातल्या परिषदांमध्ये कौतुक झालं. सरांना शाल मिळाली.

उत्तरं चांगली आली. फारच चांगली. कमाई निम्म्यावर आलेली घरंसुद्धा म्हणाली, आमचं बरं चाललंय.

सभा संपल्यावर मी खोलीत येऊन दादाच्या घराची सावली उघडली. मी आयोगाची पडताळणी प्रमुख, कुठलंही घर तपासायचा मला अधिकार आहे. पडद्यावर आंबेझरीचं केंद्र बंद झालं. दादाची कमाई गेली. वहिनी पहाटे उठून डबे करू लागली. आणि जूनमध्ये ओवीच्या नावापुढची कॉलेजची हजेरी संपली. ती कुठल्याशा गोदामात खोकी भरायला लागली होती. तिची न भरलेली फी घराच्या बचतीच्या रकान्यात जाऊन बसली होती. खाली ओळ होती, 'घर सावरले. भरपाईची गरज : शून्य.'

यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या. कमाई घटली, आणि घर म्हणतंय दुखत नाही. मग त्याने शोधलं की अशा घरांत बदललं काय. तर पोरींची कॉलेजं सुटलेली आणि बायांची झोप कमी झालेली. यंत्राने ठरवलं की हाच तो उपाय, आणि कुणीच दुखतंय म्हणालं नसल्यामुळे त्याला किंमत लावली नाही. वर हे अंदाज आमचा आयोग बाहेर विकतो. शिष्यवृत्ती देणारी एक संस्था ते घेते, कॉलेज सोडणाऱ्यांवर पैसा वाया जाऊ नये म्हणून. अंदाज नसेल तिथे ते जुन्या पद्धतीने मार्क पाहतात. ओवीचा अंदाज होता. म्हणजे केंद्र अजून बंदही झालेलं नाही, आणि पोरीचं कॉलेज आधीच सुटत होतं.

मी तशीच केळुसकर सरांच्या खोलीत घुसले.

"निखाडे मॅडम, व्यक्तिगत घेऊ नका," सगळं ऐकून ते म्हणाले. "तुमच्या भाचीचं मला वाईट वाटतं. पण एक घर म्हणजे देश नव्हे."

"सर, अशी घरं मोजूनच तुमचा देश झालाय ना?"

"ती घरं स्वतः म्हणतात की ठीक चाललंय. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "शनिवारी आंबेझरीत जनसुनावणी आहे. तिथेच अंदाजपत्रकावर तुमची सही करून टाकू. तुमचंच गाव. फोटोही छान येतील."

माझ्या सहीशिवाय आकडा मंत्रिमंडळापुढे जात नाही. म्हणून तो चहा. मी तो प्यायले नाही.

शुक्रवारी दुपारी आंबेझरीला पोचले. मे महिना, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दारातच दादाने बॅग ओढून घेतली. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"ये वो बाई, ये! किती वाळली! दिल्लीत जेवाले देत नाही काय तुले?"

हातपाय धुवेपर्यंत पान मांडलेलं. पाटवडीचा रस्सा, पुरणपोळी, आमरस, तळलेल्या कुरडया. वनमाला वहिनी वाढत होती आणि ओवी दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

"दादा, काम कसं चाललंय?"

"मस्त! दोन युनिट बंद झाले मागच्या साली, पन आमाले काई फरक नाही पडला."

"आणि ओवीचं?"

"तिचं काय, सुट्टी हाय तिले."

वहिनीने माझ्या पोळीवर तुपाची धार सोडली. मी कोपऱ्यात पाहिलं. फ्रिजच्या जागी माठ होता.

"फ्रिज कुठे गेला?"

"थो रिपेरीले देल्ला."

"आणि कूलर का बंद?"

"त्याची मोटर जळली."

"सगळं एकदमच कसं बिघडलं रे?"

"उन्हाळा हाय न बाप्पा! तू जेव पहिले."

तेवढ्यात वहिनीने साडी आणून पाटाशेजारी ठेवली. मोरपंखी रंगाची, कोरी करकरीत, दुकानाची चिठ्ठी तशीच. ती चिठ्ठी पाहिली आणि माझा तोल गेला. मी भरल्या पानावरून उठले. माहेरवाशिणीने पानावरून उठणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

"खोटं बोलता माझ्याशी? तोंडावर? ओवीचा फोन आला होता मला!"

दादाने आधी ओवीकडे डोळे वटारून पाहिलं. मग माझ्याकडे. त्याला खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत तो भिंतीला धरून उभा राहिला.

"मंग काय करू?" तोही ओरडला. "सालातून दोन दिवस येतेस तू. माहेरी आलेल्या पोरीपुढं घराचं रडगाणं गायचं? मायनं हेच शिकवलं काय आपल्याले?"

मी परत पाटावर बसले. आईने खरंच हे शिकवलं नव्हतं. आत्या यायची तेव्हा आई शेजारून तूप मागून आणायची आणि आम्हाला दटावायची, आत्यासमोर खाऊ मागायचा नाही, पोट भरलंय म्हणायचं. लेक सासरी परत जाते ती माहेरच्या भरवशावर. तो भरवसा मोडायचा नसतो. आंबेझरीतल्या कुठल्याही घरात हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, इतकं ते मुरलेलं आहे.

"वहिनी," मी विचारलं, "टॅब घेऊन प्रश्न विचारायला कोण आलं होतं इथे?"

"बोरकराची मंदा," वहिनी हळूच म्हणाली. "तिची माय नाही न आता, तर मीच जेवाले बोलावलं होतं. तिलेबी पाटवडी केली होती."

मंदाने प्रामाणिकपणे लिहून घेतलं असणार. घरात काही विकलं का? नाही. कुणाचं शिक्षण सुटलं का? नाही. जेवणाची आबाळ? अगं नाही, हे काय, तूही जेव. गावोगावच्या मंदांनी हेच लिहून घेतलं. अख्ख्या मुलखात ज्या एका व्यक्तीला घर कधीच खरं सांगत नाही, नेमकी तीच आमच्या दिल्लीतल्या हुशार माणसाने हुडकून प्रश्न विचारायला पाठवली होती. मला हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला की कान तापले.

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मोठा पडदा, त्यावर तोच आकडा, शेजारी ऊर्जा खात्याचे एक उपसचिव, आणि केळुसकर सर गावकऱ्यांना 'तुमच्या चिवटपणाला सलाम' वगैरे सांगत होते. मी माइक मागून घेतला.

"हा आकडा चुकीचा आहे," मी म्हणाले. "मंदा आली होती तेव्हा तुम्ही तिला जे सांगितलंत, ते खरं होतं का? आता सांगा. हाच आकडा वर गेला, तर या गावाला एक पैसाही मिळणार नाही."

बाप्ये चपला न्याहाळत बसले. माझ्या बापाच्या वयाची माणसं, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. तेव्हा लक्षात आलं की मी तरी कोण? मीही लेकच. माइक हातात असला म्हणून काय झालं, माझ्यापुढेही गाव पोट भरलंय असंच म्हणणार होतं. मला त्या सगळ्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"पाहिलंत?" केळुसकर सर हसून म्हणाले. "तक्रार नाही."

"हाय," मागून आवाज आला.

वहिनी उभी होती. डोक्यावर पदर, आवाज खणखणीत.

"मी या गावची लेक नाही, सून हाय," ती म्हणाली. "म्हनून बोलतो. काल आमी ताईले साडी देल्ली. थे माहीच हाय, लग्नातली. घडीबी नव्हती मोडली. दुकानदाराले चिठ्ठी मागून आनली न लावली वरून. मंदाले देल्ली थेबी तशीच. आमचा फ्रिज रिपेरीले नाही गेला, इकला. कूलरबी इकला. न या पोरीनं मले काल रात्री सांगतलं, आई, मी गोदामात नाव देल्लं. तुमी म्हनता घर सावरलं. सावरलं नाही साहेब, माही पोरगी खर्ची पडली."

मांडवात कुजबुज झाली. मग चौकातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची सून उठली. तिची मुलगी बारावीनंतर घरीच होती. मग आणखी एक. मग मांडवातल्या बायकांच्या बाजूने एकदमच बोलायला सुरुवात केली, आणि पडद्यावरचा आकडा मात्र तसाच मख्खपणे झळकत राहिला.

उपसचिवांनी हात वर केले. "ठीक आहे, ठीक आहे. एवढा त्रास होत असेल तर केंद्र चालूच ठेवू की! आमचं काय जातं?"

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मी वहिनीच्या तोंडून हे वदवून घेतलं ते यासाठी? पण दादा उभा राहिला.

"चालू ठेवा म्हनालं कोन?" त्याने विचारलं. उबळ आली, त्याने ती गिळली. "मायं फुफ्फुस खाल्लं त्यानं. बंद करा. पन ज्याले वीज पाह्यजे त्यानं खर्च द्यावा. आमच्या पोरींच्या जिवावर नका करू."

केळुसकर सर माझ्या कानाशी आले. "सही करा, निखाडे. नाही केलीत तर फाइल अडकेल, बंद व्हायची तारीख पुढे जाईल. तुमचा भाऊ आणखी एक उन्हाळा कोळसा उतरवील. चालेल?"

मला वाटलं, या माणसाचा चहा त्या दिवशी त्याच्याच अंगावर ओतायला हवा होता.

"टॅब द्या," मी म्हणाले.

टॅबवर दोन सह्या होत्या. एक केंद्रं बंद करायच्या वेळापत्रकावर, दुसरी खर्चावर. वेळापत्रकावर मी सही केली. मग खर्चाचं पान उघडलं. पडताळणी प्रमुखाला एक अधिकार असतो, जो आजवर कुणी वापरला नव्हता. 'भरपाईची गरज : शून्य' यातलं शून्य मी काढलं आणि तिथे पर्याय निवडला, 'मोजलेली नाही'. आंबेझरीसाठी, आणि माहेरवाशिणींनी उत्तरं आणलेल्या देशातल्या प्रत्येक गावासाठी. मग सही केली.

शून्याची बेरीज करता येते. न मोजलेल्याची करता येत नाही. पडदा क्षणभर लुकलुकला आणि देशाचा तो सुंदर आकडा गेला. त्या जागी नुसती एक रेघ उरली.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत?" सर किंचाळले. त्यांना किंचाळताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "या सगळ्या गावांच्या सावल्या थांबल्या, आता त्यांचा एकही अंदाज निघणार नाही! पुन्हा सर्वेक्षण करावं लागेल!"

"करा," मी म्हणाले. "या खेपेला सुनांना विचारा. आणि आधी त्यांच्या सासूला बाहेर बसवा."

दुपारपर्यंत माझ्या निलंबनाचा मेल आला. त्याच दुपारी ओवीने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. संस्थेच्या पानावर तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सावलीचा अंदाज उपलब्ध नाही. गुणांनुसार निवड. शिष्यवृत्ती मंजूर.' तिला नाचायचं होतं, पण बाप खाटेवर पडून तिच्याकडे बघत होता, म्हणून ती माठातलं पाणी आणायला आत पळाली. देशातल्या आणखी किती पोरी त्या दुपारी अशा आत पळाल्या असतील, ते मला माहीत नाही. कुणी मोजलेलं नाही.

संध्याकाळी मी निघाले. मोरपंखी साडी मी पाटावरच ठेवली होती, आणि वहिनीने ती मुकाट्याने परत ट्रंकेत ठेवली होती. तिने मला देवापुढे बसवलं, कुंकू लावलं. मी ओढणी पसरली. तिने त्यात ओंजळभर तांदूळ आणि एक सुपारी घातली आणि थांबली.

"यंदा साडी नाही, ताई," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. "नारळबी नाही."

इतक्या वर्षांत त्या घरात मला कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही. बाहेर दादा ओरडत होता, "चाल वो बाई, गाडी सुटन!"

"सुटू दे," मी म्हणाले. तांदूळ सांभाळत बॅग खाली ठेवली आणि वहिनीसमोर मांडी घालून बसले. "आणखी काय काय नाही, ते सांग."